लोलकाची जन्मकथा कोण तपासणार?

दर काही महिन्यांनी एकच वाद नव्या नावांनिशी उभा राहतो. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या गळ्यातल्या लोलकात, म्हणजे साखळीच्या पदकात, क्रूस, ॐ, बुद्धाचे मुख, फातिमाचा हात (उघड्या तळव्याचे चिन्ह) किंवा एखाद्या आदिम समाजाचे पवित्र चिन्ह दिसते, छायाचित्र सगळीकडे पसरते आणि दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे की, श्रद्धा नसताना असे चिन्ह अंगावर मिरवणे ही त्याची विटंबना आहे. दुसरी बाजू म्हणते, हा नुसता आकार आहे, सोन्याचांदीत घडवलेली नक्षी आहे. तिला हात जोडायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्ही बाजूंचा आवेश मोठा असतो, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते. ती अशी की, प्रतीकाला एकच मूळ अर्थ असतो आणि तो कोंदणातल्या खड्यासारखा त्यात कायमचा बसवलेला असतो. पहिल्या बाजूला त्या खड्याला कोणी हात लावू नये असे वाटते. दुसरीला तो काढून टाकला तरी दागिन्याचे काही बिघडत नाही असे वाटते.

हा सगळा वाद चुकीच्या माणसाभोवती फिरतो आहे, असे माझे मत आहे. आपण दागिना घालणाऱ्याच्या मनाची झाडाझडती घेतो आणि दागिना विकणाऱ्याला मोकळे सोडतो. प्रतीकाचा अर्थ त्याच्या वापरातून घडतो, बदलतो, कधी पुसलाही जातो. त्यामुळे घालणाऱ्याची श्रद्धा मोजण्याचे माप कोणाकडेही नाही. तपासता येते ते वेगळेच आहे. ‘ही नक्षी अमुक काळातली, अमुक लोकांची, अमुक शक्ती असलेली’ असे जो सांगतो त्याचे सांगणे खरे आहे का? आणि ती नक्षी ज्यांच्या आजच्या, चालू आचारातून उचलली, त्या लोकांना त्याबद्दल कोणी विचारले होते का? या दोन प्रश्नांना टाळून केलेली पावित्र्याची चर्चा आणि स्वातंत्र्याची चर्चा, दोन्ही मला सारख्याच पोकळ वाटतात.

मूळ अर्थाचा आग्रह इतिहासापुढे टिकत नाही, ही गोष्ट आधी पाहू. मोरोक्कोतील बिझमून गुहेत सापडलेले शिंपल्यांचे मणी सुमारे १,४२,००० ते १,५०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेतले मणी सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे. त्या मण्यांना भोके आहेत, दोरीने आणि घर्षणाने झालेली झीज आहे. म्हणजे ते कोणीतरी वापरले हे आपण खात्रीने सांगू शकतो. ते का वापरले, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. माणसाच्या सर्वांत जुन्या दागिन्यांच्या बाबतीत ‘मूळ अर्थ’ हा नुसता हरवलेला नाही, तो परत मिळण्याची शक्यताच नाही. जिथे लेखी पुरावा आहे तिथेही चित्र वेगळे नाही. इजिप्तमधील स्कॅरब, म्हणजे शेणकिड्याच्या आकाराचा ताईत, हा उगवत्या सूर्याच्या खेप्री या देवाशी जोडलेला होता. मृताच्या छातीवर ठेवायच्या मोठ्या स्कॅरबवर, परलोकीच्या न्यायसभेत आपल्याच हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये अशी विनवणी कोरलेली असे. याहून नेमका धार्मिक अर्थ कोणता असू शकतो? पण फिनिशियन कारागिरांनी तोच आकार उचलला, त्याखाली कधीकधी वाचताच न येणारी, चित्रलिपीसारखी भासणारी अक्षरे कोरली आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने तो विकला. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी तो लालसर अकीकात घडवला, पाठीवर किडा तसाच ठेवला आणि पोटाच्या बाजूला हेराक्लिस आणि अकिलिससारखे ग्रीक वीर कोरले. एट्रुस्कन घरातल्या त्या अंगठीला इजिप्तची विटंबना म्हणायचे काय? आणि म्हणायचे ठरवले, तर तक्रार कोण करणार होते?

क्रूसाची कथा तर याहून बोलकी आहे. रोमन साम्राज्यात क्रूस हे गुलाम आणि बंडखोर यांना हालहाल करून मारण्याचे साधन होते. येशूच्या अनुयायांनी पहिली काही शतके ते दागिन्यात वापरायला सहसा हात आखडताच घेतला. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट या धर्मविचारकाने ख्रिस्ती माणसाच्या मुद्रेच्या अंगठीवर काय असावे याची यादी दिली. तीत पारवा, मासा, गलबत, वीणेसारखे तंतुवाद्य आणि जहाजाचा नांगर आहे. क्रूस नाही. क्रूस गळ्यात येण्यासाठी आधी तो फाशीच्या जागेवरून उतरावा लागला, साम्राज्याने धर्म स्वीकारावा लागला, आणि मग अपमानाचे चिन्ह तारणाचे चिन्ह झाले. म्हणजे आज ज्याचे पावित्र्य जपायचे असे आपण म्हणतो, तो अर्थच एका प्रचंड अर्थबदलातून जन्मला आहे. सर्पाचे पाहा. इजिप्तच्या राजमुकुटावर तो राजसत्तेचा रक्षक आहे, बायबलमध्ये मोहात पाडणारा आहे, आणि ख्रिस्ती इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या साखरपुड्याच्या अंगठीत, डोक्यावर पाचू घेऊन, अखंड प्रेमाचे चिन्ह आहे. इंग्लंडमधील कोणत्याही धर्मोपदेशकाने त्या अंगठीला सैतानाचे चिन्ह ठरवल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

श्रद्धावान माणसाच्याच हाताने श्रद्धेचा दागिना घडावा, हा आग्रहही वस्तुस्थितीला धरून नाही. येमेन आणि मोरोक्को येथे चांदीकाम शतकानुशतके मोठ्या प्रमाणात ज्यू कारागिरांच्या हाती होते. मुस्लिम नवरीच्या अंगावरचे दागिने, ताईत ठेवायच्या नळ्या, वाईट नजरेपासून रक्षण करणारे उघड्या तळव्याचे पदक, हे सारे त्यांच्या भट्टीतून येत असे. त्या तळव्याला मुसलमान फातिमाचा हात म्हणत आणि ज्यू मिरियमचा. वस्तू एकच, घडवणारा एक, घालणारी दुसरी, आणि नावे दोन. १९४९-५० मध्ये येमेनमधले जवळजवळ सगळे ज्यू इस्राएलला गेले तेव्हा त्या देशातल्या मुस्लिम घरांच्या दागिन्यांची परंपराच खिळखिळी झाली. प्रतीकाची मालकी एका धर्माकडे असते असे मानणाऱ्यांनी या घटनेचा हिशेब द्यायला हवा.

एका जातीच्या खड्याचा प्रवास मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. आजच्या कोलंबियातील मुझो येथील पाचूच्या खाणी सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ताब्यात घेतल्या. तिथले पाचू समुद्रमार्गे मुघल दरबारापर्यंत आले. त्यांतल्या एका २१७.८० कॅरटच्या पाचूवर हिजरी ११०७, म्हणजे इ. स. १६९५-९६, या सालासह शिया प्रार्थना कोरलेली आहे आणि मागच्या बाजूला फुलांची नक्षी आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत, हिंदुस्थानात कोरलेले असे पाचू, माणके आणि नीलम पॅरिसच्या कार्तिए या पेढीने आपल्या नव्या शैलीच्या हारांत आणि कंकणांत बसवले. मूलनिवासींची खाण, कॅथलिक राजाचा व्यापार, मुसलमान बादशहाचा दरबार, पॅरिसची फॅशन. या साखळीतला कोणता दुवा ‘खरा’ आणि कोणता ‘चोरीचा’, हे केवळ श्रद्धेच्या निकषावर ठरवायला बसलो तर आपण कुठेच पोहोचणार नाही.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा समोर येतो, आणि तो मी टाळणार नाही. अर्थ बदलतात हे खरे, पण ते बदलतात कसे? पुष्कळदा जबरदस्तीने. १५३२ मध्ये, आजच्या पेरूत, इंका राजा अताहुआल्पा स्पॅनिश आक्रमकांकडून पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी जमा झालेले सोने, ज्यात कुस्को येथील सूर्यमंदिराच्या भिंतींवरचे पत्रेही होते, वितळवून त्याच्या लगडी केल्या गेल्या आणि राजालाही मारण्यात आले. तिथे अर्थ ‘बदलला’ असे म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. मुझोच्या खाणीतही स्थानिक लोक खुशीने राबत नव्हते. ‘प्रतीके नेहमीच हातोहात फिरत आली आहेत’ हे वाक्य जेत्याच्या तोंडी फार सोयीचे असते, कारण त्यात हात कोणाचे आणि मानगूट कोणाची हे येत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्यातून जो निष्कर्ष निघतो तो ‘श्रद्धाळूंनीच घालावे’ हा नव्हे. अताहुआल्पाच्या बाबतीत अन्याय झाला तो सोने कोणत्या धर्माच्या गळ्यात गेले म्हणून नाही, तर ते हिसकावले गेले म्हणून. प्रश्न घेण्याच्या रीतीचा आहे.

स्वस्तिकाचे उदाहरण या मुद्द्याच्या दोन्ही बाजू दाखवते. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरांत ते मंगलचिन्ह आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतही ते शुभ शकुनाचे पदक म्हणून सर्रास विकले जात होते. ट्रॉय या प्राचीन नगराच्या उत्खननात जर्मन संशोधक श्लीमानला ते भांड्यांवर आणि मातीच्या चात्यांवर सापडल्यापासून त्याच्याभोवती आर्यवंशाच्या कल्पनांचे जाळे विणले गेले, आणि १९२० मध्ये नाझी पक्षाने ते आपले चिन्ह केले. पुढे जे घडले त्यानंतर युरोपात त्या आकाराकडे निरागसपणे पाहणे अशक्य झाले. पण अमेरिकेत काय झाले, ते कमी सांगितले जाते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील नावाहो आणि त्यांच्या शेजारच्या समाजांच्या कलेत हे चिन्ह स्वतंत्रपणे होते. पर्यटकांसाठी घडवलेल्या चांदीच्या दागिन्यांवरही ते ठोकले जाई. फेब्रुवारी १९४० मध्ये नावाहो, होपी, अपाची आणि पापागो या समाजांच्या प्रतिनिधींनी ॲरिझोनात एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या पूर्वजांचे हे स्नेहचिन्ह दुसऱ्या एका राष्ट्राने भ्रष्ट केले आहे, म्हणून यापुढे आपण ते आपल्या कलाकृतींत वापरणार नाही. चिन्ह ज्यांचे होते त्यांनी विचार करून, एकत्र बसून, ते सोडले. आशियात मात्र ज्यांचे होते त्यांनी ते सोडले नाही, आणि त्यांनाही तसे करण्याचा तेवढाच अधिकार आहे. एकाच आकाराबद्दल दोन उलट निर्णय, आणि दोन्ही योग्य. कारण दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारे तेच होते, ज्यांच्या जगण्यात ते चिन्ह होते.

श्रद्धा मोजण्याचा प्रयत्न केला की काय होते, याचे धडे न्यायालयांनी दिलेले आहेत. ब्रिटनमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेची अंगठी शाळेत घालण्यासाठी दाद मागितली आणि ती हरली. अंगठी घालणे तिच्या धर्माने बंधनकारक केलेले नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. पुढच्याच वर्षी एका शीख मुलीने कडे घालण्याच्या हक्कासाठी वेल्समधल्या आपल्या शाळेविरुद्ध दावा लावला आणि ती जिंकली. ब्रिटिश एअरवेजच्या एका कर्मचारी महिलेला गणवेशावर छोटा क्रूस दिसू देण्याची मनाई झाली. देशातल्या न्यायालयांनी तिचे म्हणणे नाकारले, आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ते मान्य केले. त्याच निकालात एका परिचारिकेला मात्र हार पत्करावी लागली, कारण रुग्णालयात गळ्यातली साखळी धोक्याची ठरू शकते. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांवर बंदी घातली, पण लहान, लक्षात न येणारी चिन्हे चालतील असे सांगितले. म्हणजे श्रद्धेचे मोजमाप मिलिमीटरवर आले. न्यायाधीशांची कुचंबणा समजण्यासारखी आहे. परिचारिकेच्या प्रकरणात त्यांना आधार सापडला तो बाहेरून दिसणाऱ्या, तपासता येणाऱ्या गोष्टीचा, म्हणजे सुरक्षेचा. बाकी ठिकाणी त्यांना माणसाच्या आत डोकवावे लागले, आणि एकसारख्या दिसणाऱ्या प्रकरणांत निकाल वेगवेगळे लागले. जे काम न्यायालयांना जमले नाही, ते एका छायाचित्रावरून आपण कसे करणार?

यावर कोणी म्हणेल की, श्रद्धेचे सोडा, पण फॅशन गंभीर गोष्टीला उथळ करते हे तरी मान्य करा. नेहमीच नाही. १७८७ मध्ये जोसाया वेजवुड या इंग्लंडमधल्या चिनीमातीच्या कारखानदाराच्या कारखान्याने, बेड्यांत जखडलेला, गुडघे टेकून ‘मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का’ असे विचारणारा गुलाम दाखवणारे एक छोटे पदक काढले. लोकांनी ते कंकणांत आणि केसांच्या पिनांत जडवून घेतले. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनने नोंदवले आहे की, एरवी क्षुल्लक गोष्टींत रमणारी फॅशन या वेळी न्यायाच्या कामी आली. (त्या पदकातला गुलाम याचना करणारा आहे, बंड करणारा नाही, हा आजचा आक्षेप रास्त आहे, पण त्याने क्लार्कसनचे निरीक्षण खोटे ठरत नाही.) १८१३ मध्ये प्रशियाच्या स्त्रियांनी नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी सोन्याचे दागिने दिले आणि बदल्यात लोखंडाचे घेतले, काळे, नाजूक ओतकामाचे ते लोखंड पाहता पाहता सोन्याहून प्रतिष्ठेचे झाले. १९०९ मध्ये ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकार चळवळीतल्या सिल्विया पँकहर्स्टने संसदेचे चिन्ह असलेले जाळीदार दार आणि कैद्यांच्या कपड्यांवरचा बाण यांचे एक पदक घडवले, आणि मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या स्त्रियांना ते दिले गेले. कैद्याची खूण मानाची झाली. मिरवण्यात नेहमी हलकेपणाच असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या स्त्रियांना तो आरोप करून पाहावा.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ‘हा नुसता आकार आहे’ हे म्हणणे मला पहिल्याहून जास्त अप्रामाणिक वाटते. आकारावर कोणाची मालकी नसते हे तत्त्व मान्य. कमळ, वर्तुळ, डोळा, चंद्रकोर यांवर हक्क सांगणे हास्यास्पदच. पण बाजारात नुसता आकार कोण विकतो? दुकानाच्या पाटीवर किंवा सोबतच्या कार्डावर लिहिलेले असते की ही प्राचीन जीवनशक्तीची खूण आहे, हा प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांचा रक्षामंत्र आहे, हे सात ऊर्जाकेंद्रांना जागे करणारे पदक आहे. दोन सारख्या लोलकांतला महाग लोलक बहुतेक वेळा या मजकुरामुळे महाग असतो. टीका झाली की म्हणायचे ‘फक्त डिझाइन’, आणि किंमत लावताना म्हणायचे ‘हजारो वर्षांचा वारसा’. ही दुटप्पी भूमिका आपण इतकी सहज कशी चालवून घेतो?

१८९६ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने दोन लाख फ्रँकला सोन्याचा एक मुकुट विकत घेतला. काळ्या समुद्राकाठच्या ग्रीक वसाहतीने सैताफर्नेस या सिथियन राजाला तो अर्पण केला होता, असे सांगितले गेले होते आणि मुकुटावरही तसा लेख होता. शंका तेव्हाच घेतल्या गेल्या, पण प्रतिष्ठा पणाला लागल्यामुळे त्या दाबल्या गेल्या. १९०३ मध्ये ओडेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की पॅरिसला आला, तो मुकुट आपण घडवल्याचे त्याने सांगितले आणि विश्वास बसावा म्हणून त्यातला एक भाग पुन्हा घडवून दाखवला. मुकुट दालनातून हलवला गेला आणि कारागिराची मात्र वाहवा झाली. मुकुटाचे सोने तेच होते, नक्षी तीच होती, सौंदर्य तेवढेच होते. खोटी होती ती जन्मकथा, आणि ती काढून घेताच ती वस्तू फसवणूक न राहता उत्तम कारागिरीचा नमुना झाली. दागिन्यातल्या ऐतिहासिक प्रतीकांविषयीचा माझा सगळा युक्तिवाद या एका प्रकरणात आहे. मताधिकार चळवळीचे म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांतही हेच चालते. जांभळा, पांढरा आणि हिरवा हे त्या चळवळीतल्या एका प्रमुख संघटनेचे रंग ठरले १९०८ मध्ये. पण जांभळा अमेथिस्ट, पांढरे मोती आणि हिरवा पेरिडॉट या रत्नांचा मेळ त्याआधीपासूनच लोकप्रिय होता. तरी जुन्या बाजारात त्या तीन रंगांचा दागिना दिसला की त्याला बेधडक चळवळीचा वारसा चिकटवला जातो. ज्या स्त्रिया खरोखर तुरुंगात गेल्या त्यांच्या स्मृतीचा अनादर, एखाद्या मुलीने हौस म्हणून ते पदक घातल्याने जास्त होतो की या खोट्या चिठ्ठीने?

आध्यात्मिक दाव्यांची तऱ्हा याहून गंभीर असू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने ‘ऊर्जा’ देणाऱ्या किंवा लहरींपासून रक्षण करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. त्यांत लोलक होते, लहान मुलांसाठीचे कंकणही होते, आणि त्या वस्तू किरणोत्सर्गी होत्या. दीर्घकाळ अंगावर ठेवल्यास अपाय होऊ शकेल इतक्या. नजर लागू नये म्हणून निळा मणी बांधणारी आई आणि हा लोलक विकणारा यांना ‘अंधश्रद्धा’ या एकाच सदरात टाकणे मला अन्यायाचे वाटते. आई कोणाला काही विकत नाही. तिचा मणी तिच्या काळजीचे रूप आहे. विक्रेत्याचा लोलक हा पैसे घेऊन केलेला, तपासता येणारा आणि तपासल्यावर खोटा ठरलेला दावा आहे.

माझ्या या भूमिकेला छेद देणारे एक उदाहरण आहे आणि ते अवघड आहे. आयर्लंडमध्ये १८५० साली बेटीस्टाउनच्या किनाऱ्याजवळ आठव्या शतकाच्या सुमाराचा एक अप्रतिम ब्रोच, म्हणजे वस्त्राला लावायची शोभेची पिन, सापडला. तो डब्लिनच्या जॉर्ज वॉटरहाउस या जवाहिऱ्याच्या हाती आला. त्याला त्याच्या प्रतिकृती विकायच्या होत्या, म्हणून त्याने त्याला टारा टेकडीचे, म्हणजे प्राचीन आयरिश राजांच्या स्थानाचे, नाव दिले. टाराशी त्या ब्रोचचा काहीही संबंध नव्हता. पण प्रतिकृती खपल्या, परकीय सत्तेखालच्या आयरिश लोकांना त्या ब्रोचमध्ये आपला गतवैभवाचा काळ दिसू लागला, आणि आज तो ब्रोच त्या राष्ट्राचा मानबिंदू आहे. खोट्या जन्मकथेतून खरा अर्थ जन्मला. मग खोटेपणाला इतके नाक मुरडायचे कशाला? माझे उत्तर असे की, आयरिश लोकांनी त्या ब्रोचला दिलेला अर्थ खरा आहे, कारण तो त्यांनी जगून दिला. वॉटरहाउसची युक्ती त्यामुळे मागे जाऊन सत्य होत नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आज ब्रोच त्याच नावाने ओळखला जातो आणि त्या नावामागची युक्ती इतिहासकार उघडपणे सांगतात. तरी ब्रोचचे मोल तसूभरही उतरलेले नाही. सत्य सांगितल्याने प्रतीक मरते ही भीती निराधार आहे, एवढेच यातून सिद्ध होते.

राहिला प्रश्न जिवंत समाजांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एट्रुस्कन अंगठीबद्दल तक्रार करणारा इजिप्शियन पुजारी आज नाही, पण न्यूझीलंडचे माओरी आहेत. त्यांचे हिरव्या दगडाचे हेई-टिकी हे गळ्यातले मानवाकृती पदक कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते, प्रत्येक पिढीच्या अंगावर राहून त्याचा मान वाढतो, आणि त्याला स्वतःचे नावही असू शकते. त्या आकृतीचा नेमका अर्थ काय याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. ती कोणाची आहे याबद्दल नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या देशाच्या विमान कंपनीने प्लास्टिकचे टिकी प्रवाशांना भेट म्हणून वाटले. पुढे विचार बदलला: १९९७ च्या कायद्याने तो हिरवा दगड, पोउनामू, दक्षिणेकडील न्गाई ताहू या समाजाच्या मालकीचा झाला, आणि २००२ च्या व्यापारचिन्ह कायद्याने माओरी चिन्हांबाबत सल्ला देणारी समिती आली. परकीय माणसाला पोउनामू घालायला त्यामुळे बंदी झालेली नाही. कितीतरी माओरी कारागीर ते आनंदाने विकतात. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याचा रोखही असाच आहे. मूलनिवासींच्या हातची नसलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे तिथे गुन्हा आहे. ती वस्तू घालणे नाही.

यावर आक्षेप येतो की, समाजाच्या वतीने बोलणार कोण? एका गावातले वडीलधारे नाही म्हणतील, शेजारच्या गावातला चांदीकाम करणारा हो म्हणेल. अडचण खरी आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. पण जमीन, पाणी, संगीत यांबाबतही हीच अडचण येते आणि तिथे आपण ‘कोणालाच विचारायला नको’ असा निष्कर्ष काढत नाही. एकमत नाही म्हणून परवानगी नको, हा युक्तिवाद त्यालाच सुचतो ज्याला मुळात विचारायचेच नसते.

भारतातील पिप्राहवाच्या रत्नांचे प्रकरण या प्रश्नाचे टोक दाखवते. १८९८ मध्ये तिथल्या स्तूपात विल्यम पेपे या ब्रिटिश जमीनदाराला अस्थींसोबत ठेवलेली रत्ने, मणी आणि सोन्याची छोटी फुले सापडली. सोबतच्या लेखात त्या अस्थी बुद्धाच्या असल्याचा निर्देश आहे. बहुतेक रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात गेली, काही पेपे कुटुंबाकडे राहिली, आणि मे २०२५ मध्ये ती हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाली. भारत सरकारच्या हरकतीनंतर लिलाव थांबला, आणि जुलैमध्ये एका भारतीय उद्योगसमूहाच्या खरेदीतून ती देशात परतली. ती रत्ने दागिने आहेत की अवशेष? आकाराने पाहिले तर अकीक, स्फटिक आणि अमेथिस्टचे सुबक मणी. पण ज्यांनी ती अस्थींजवळ ठेवली त्यांनी त्यांना पुन्हा कोणाच्या गळ्यात जाण्यासाठी ठेवले नव्हते. इथे वापरच अर्थ सांगतो, आणि तो पुरून ठेवण्याच्या कृतीत स्पष्ट आहे. जगभरातल्या बौद्धांनी व्यक्त केलेली वेदना म्हणून मला भाबडी वाटत नाही. आणि तरीही, त्याच रत्नांच्या घडणीवरून प्रेरणा घेऊन कोणी नवे फूल घडवले आणि ‘पिप्राहवा येथील नमुन्यावरून, आज घडवलेले’ असे स्पष्ट सांगून विकले, तर मी त्याला अडवणार नाही.

हे सगळे प्रत्यक्षात आणायचे कसे, असे विचारले जाईल. १३०० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने फर्मान काढले की, कसाला न उतरलेली आणि बिबट्याच्या मुखाची मुद्रा नसलेली चांदीची वस्तू विकली जाऊ नये. म्हणजे दागिन्याच्या धातूबद्दल विक्रेता जे बोलतो ते तपासण्याची व्यवस्था सातशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यामुळे कोणाचे चांदी घालण्याचे स्वातंत्र्य गेले असे कोणी म्हणत नाही. त्याच दागिन्याच्या काळाबद्दल, मुलखाबद्दल आणि शक्तीबद्दल तोच विक्रेता जे बोलतो, त्याला मात्र अजून सहसा कसोटीचा दगड लावला जात नाही. नक्षी कोणत्या शतकातली, मूळ नमुना कुठे आहे, आजची प्रत कोणी घडवली, चिन्ह चालू आचारातले असेल तर कोणाच्या संमतीने घेतले: हे चार मुद्दे लोलकासोबतच्या कार्डावर सहज मावतात आणि चारही पडताळून पाहता येतात. ऊर्जा, भाग्य, रक्षण यांची आश्वासने औषधांच्या जाहिरातींना लागू होणाऱ्या नियमांखाली आणायलाही काही अवघड नाही. एवढे झाल्यावर तो लोलक घेणारी व्यक्ती त्याला नमस्कार करते, तो आजीची आठवण म्हणून घालते की पोशाखाला शोभतो म्हणून, हे विचारण्याचा अधिकार माझ्याकडे उरत नाही आणि तो मला हवासाही वाटत नाही.